चहा धरून दीड लिटर

नळाला पाणी येतं त्या दिवशी फारूक त्या गल्लीचा नवरदेव असतो. बाकीच्या दिवशी तो नुसता फारूक.

लातूरच्या जुन्या भागात, चढावर वसलेल्या त्या गल्लीत पाणी रोज येत नाही. आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. मध्येच कुठं पाइप फुटला तर मग तारीख देवाला विचारावी लागते, आणि देवही म्हणतो, फारूकला विचारा. त्यामुळं पाण्याच्या दिवशी गल्ली सकाळपासून नटून बसते. टिपाडं घासलेली, घागरी ओळीत मांडलेल्या, पाइपांची भेंडोळी उलगडलेली, आणि सगळ्यांचे कान रस्त्याकडं. मग लांबून लोखंड दगडावर आपटल्याचा ठण्ण आवाज येतो आणि पोरंटोरं ओरडतात, "चावी आली, चावी आली!"

ही चावी खिशात मावणारी नव्हे. ती फारूकच्या छातीएवढी उंच, वर आडवा दांडा असलेली जाड सळई आहे. रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण उचकटायचं, चावी आत उतरवून व्हॉल्व्हवर बसवायची आणि दोन्ही हातांनी आटे फिरवायचे, हे काम फारूक शेख मिशी फुटल्यापासून करत आला. आता मिशी पांढरी झाली. व्हॉल्व्ह तेच राहिले, फक्त जास्त गंजले. त्या बाबतीत फारूकचं आणि त्यांचं चांगलं जमायचं.

पाणी सुरू झालं की चहा सुरू व्हायचा. पहिला मान व्यंकटरावांचा. हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. गल्लीच्या तोंडाशी घर, नळाला गुपचूप जोडलेली मोटार, मोटारीवर गोणपाट, आणि आवाजाबद्दल कुणी विचारलंच तर, "आमच्या हिचा मिक्सर हाय." लातुरात सकाळचे चार तास सलग चटणी वाटणारं ते एकमेव घर असावं. व्यंकटराव स्वतः कपबशी घेऊन बाहेर यायचे. मग समोरचं घर, मग त्याच्या शेजारचं. चहाबरोबर शेव, चिवडा, खारे शेंगदाणे.

नको म्हणायची सोय नव्हती. एकदा एका घरी फारूकनं "पोट भरलंय" म्हटलं, तर त्या बाईनं गल्लीभर सांगितलं, "खालच्यांनी पाजलाय त्याला, म्हनून आमची धार बारीक!" तेव्हापासून फारूक दिला तो चहा पितो. न्यायाधीश शपथ घेतात, फारूक चहा घेतो. सगळ्यांचा घेतला म्हणजे कुणाचाच नाही.

शेवटचा कप चढाच्या टोकाला, कोंडाबाई सरवदेंच्या पायरीवर. त्यांचा नळ म्हणजे लाईनीचा शेवट. खालच्यांची टिपाडं, टाक्या, बादल्या आणि ग्लाससुद्धा भरून झाले की मग त्यांच्या नळाला खोकल्यासारखा आवाज यायचा आणि करंगळीएवढी धार पडायची. कोंडाबाईंनी आयुष्य शेतमजुरीत काढलेलं. आता वय झालं, तरी जीभ विळ्यासारखी. फारूक म्हणायचा, "जयभीम, मावशी." त्या म्हणायच्या, "सलाम रे बाबा. आलं का तुजं पानी, का नुसता तूच आलास?"

थकवा हा शब्द फारूकला फार उशिरा सुचला.

आधी त्यानं चढाला दोष दिला. रस्ता नवा केला तेव्हा ठेकेदारानं चढ वाढवलाय, असं तो चारचौघांत सांगू लागला. मग चावी जड झाली. मग चपलेचा पट्टा आखडला. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की तिथं खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. शेवटी शेवटी त्याला आडवं झोपवेना. एकाच्या दोन उश्या झाल्या, दोनाच्या तीन. त्याची बायको दिलशाद हे सगळं बघत होती. घरात दोघं आपल्या दखनीत बोलायचे.

"अजी, बैठ के सोते क्या कोई?" ती म्हणाली.

"बादशाह लोगां सोते," फारूक म्हणाला.

"तुम कायके बादशाह? कल नांदेड चलो. पिंकी को दिखायेंगे."

पिंकी म्हणजे कोंडाबाईंची नात. पाण्याच्या दिवशी शाळा बुडवून घागरी भरणारी, धार बारीक झाली की "फारूकचाचाऽऽ" म्हणून गल्ली डोक्यावर घेणारी. ती नांदेडला शिकली आणि तिथंच एका दवाखान्यात हृदयाची डॉक्टर झाली. लातुरात डॉक्टरांना तोटा नाही. शहरात दगड मारला तर तो क्लासला जाणाऱ्या भावी डॉक्टरला लागतो. पण आपल्या गल्लीची पोरगी ती आपल्या गल्लीची. दोघं एसटीत बसली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि फारूक प्रत्येक थांब्यावर म्हणत राहिला, "आता बरं वाटतंय, उतरू का?"

दवाखान्यातल्या पाटीवर डॉ. प्रियदर्शनी सरवदे असं ठसठशीत लिहिलं होतं. फारूकनं ते वाचलं, मान डोलावली आणि दारातूनच हाक मारली, "पिंके!"

नर्स दचकली. डॉक्टरीणबाई मात्र उठून पुढं आल्या, चाचांचा हात धरून त्यांना बसवलं, आणि मग पायाकडं बघून त्यांचा चेहरा बदलला.

तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर करड्या अंधारात काहीतरी उघडमीट करत होतं. पेंगुळलेल्या बेडकाच्या तोंडासारखं.

"हे दिसलं का चाचा? हे तुमचं हृदय. आणि हे पडदे हलतायत ना, ते व्हॉल्व्ह."

फारूक कोपरावर रेलून उठायला बघू लागला. "व्हॉल्व्ह? किती हायत?"

"चार."

"आन् चावी कोन फिरवायलंय?"

"कुणी न्हाई. रक्ताचा दाब आला की उघडतात, रक्त मागं फिरायला लागलं की आपोआप मिटतात. धडधड ऐकू येती ना, ती ह्यांचीच, मिटताना होणारी."

"म्हंजे माणूस लागत न्हाई." फारूकला वाईट वाटलं. मग त्यानं विचारलं, "सुट्टी कधी आसती त्येंला?"

"सुट्टी न्हाई. आईच्या पोटात असल्यापासून सुरू. दिवसाला लाखभर ठोके पडतात. विश्रांती मिळती ती दोन ठोक्यांच्या मधे, तेवढीच."

फारूक पडद्याकडं बघत राहिला. इतकी वर्षं छातीत एक मस्टरवरचा माणूस राबतोय आणि आपण त्याला एकदा चहासुद्धा विचारला नाही, असा काहीसा भाव त्याच्या तोंडावर आला.

पिंकीनं एका कागदावर चौकोन काढला, त्याच्या चार खोल्या केल्या आणि रक्त फिरतं तसे बाण काढले. दिलशादही वाकून बघू लागली.

"हा एक पंप न्हाई चाचा, शेजारी शेजारी दोन हायत. वरच्या खोलीत रक्त जमतं, खालची खोली ते ढकलती. उजवीकडचा पंप अंगातून वापरून आलेलं रक्त फुप्फुसात पाठवतो. तिथं त्याला ताजी हवा मिळती. मग ते डावीकडं येतं आणि डावा पंप ते सगळ्या अंगाला पुरवतो, टाळूपासून अंगठ्यापर्यंत. मग तेच रक्त फिरून परत उजवीकडं."

"परत?"

"परत."

"त्येच?"

"तेच."

इथं फारूकचं डोकं हटलं. "बेटा, तू शिकलेली हायस, पर माझा जलम पानी सोडन्यात गेला. सोडलेलं पानी परत आलेलं मी कधी बघितलं न्हाई. मोरीत जातं, गटारीत जातं, व्यंकटरावांच्या मोटारीत जातं. परत येतंय कुठं?"

"रक्ताला गटार नसती, चाचा. ज्या लाईनीनं गेलं, त्याहून वेगळ्या लाईनीनं माघारी येतं. पायाकडून वर चढताना तर शिरांमधे बारीक बारीक व्हॉल्व्ह हायत, खाली घसरू नये म्हणून. चालताना पोटरी आवळती आणि त्याला वर ढकलती."

फारूकनं आपल्या सुजलेल्या पोटरीकडं संशयानं पाहिलं. तिथं असलं काही चाललं असेल, असं तिच्याकडं बघून वाटत नव्हतं.

मग पिंकीनं पेन खाली ठेवलं. "आता ऐका. तुमचं बीपी किती वर्षं वाढलेलं असंल कोण जाणे. पुढं दाब जास्त असला आणि तसाच पंप रेटत राहिला तर काय होतं?"

"मोटार गरम व्हती. मंग ढिली पडती."

"तसं झालंय. डाव्या पंपाची भिंत थकलीय. ढकलायला पाहिजे त्याच्या निम्मंसुद्धा ढकलत न्हाई. मग मागं तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की आडवं झोपवत न्हाई, आणि ते अंगापर्यंत मागं तुंबत गेलं की पाय सुजतात. त्यात किडनीकडं रक्त कमी पोचतं. तिला वाटतं, गावात पाणीटंचाई आली. मग ती काय करंल?"

उत्तर दिलशादनं दिलं, आणि एका क्षणात दिलं. "भर के रखेगी. टिपाडां, बकेटां, गिलासां, सब."

"बरोबर चाची! ती बी लातूरचीच." पिंकी हसली, पण थोडंच. "मीठ धरून ठेवती, पाणी धरून ठेवती. पाणी वाढलं की थकलेल्या पंपावर आणखी बोजा. म्हणून ही गोळी. ही किडनीला सांगती, सोड बाई, एवढं साठवू नको. रोज सकाळी एक. लघवीला लई वेळा जावं लागंल, जायचं. मीठ कमी. दिवसाकाठी पाणी दीड लिटर, त्याच्यावर थेंब न्हाई. आणि चावी आता दुसऱ्याच्या हातात द्या."

"व्हॉल्व्ह बदलून..."

"व्हॉल्व्ह चांगले हायत. पंप थकलाय. औषधानं सांभाळला तर बरीच वर्षं चालंल. पण असं पाणी साठून तुंबत गेलं, तर एखाद्या वेळी तो उठायचा न्हाई, चाचा. मी हे पेशंटला सांगत न्हाई, तुम्हाला सांगतीय."

फारूकनं सगळ्याला मान डोलावली. चावीचं ऐकून आधी डोलावली, मग थांबवली, मग दिलशादकडं बघून पुन्हा डोलावली.

परतीच्या एसटीत बसल्यावर पहिली गोळी घ्यायची होती. पण वाटेत गाडी कुठं आणि किती थांबेल याचा काय भरवसा? त्यानं गोळी खिशात ठेवली. "उद्यापासून," तो म्हणाला. दिलशाद खिडकीतून बाहेर बघत होती.

फारूकनं पथ्य पाळलं नाही असं कुणी म्हटलं तर तो अन्याय होईल. त्यानं पथ्य मन लावून पाळलं. दीड लिटरची एक बाटली आणली. सकाळी ती भरून ठेवायचा आणि दिवसभर तिच्यातलंच पाणी प्यायचा, घोटाघोटानं, वाळवंटातून निघालेल्या काफिल्यासारखं. संध्याकाळी तळाला थोडं उरलेलं दिलशादला अभिमानानं दाखवायचा. मीठही कमी केलं, म्हणजे घरचं.

चहा मात्र त्यानं मोजला नाही. चहा मोजायचा असतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. पाण्याची त्याची एक पक्की समजूत होती: पाणी म्हणजे जे नळाला येतं, ज्याला नंबर लागतो, ज्याच्यावरून भांडणं होतात. चहावरून आजवर कुणी भांडलं नव्हतं, न घेण्यावरून भांडले असतील. चहा हा माणुसकीत मोडायचा, आणि पिंकीनं माणुसकीवर मर्यादा घातली नव्हती.

राहिली गोळी. गोळी घेतली की तासा-दीड तासात धावपळ सुरू व्हायची, आणि पाण्याच्या दिवशी फारूक धावणार कुठं? प्रत्येक नळावर बाया, प्रत्येक ओट्यावर माणसं, आणि सगळ्यांची नजर त्याच्यावर. कुणाच्या घरात शिरून संडास मागायचा तर तो गेला की तांब्या-दोन तांबे पाणी जाणार, आणि त्याच पाण्यासाठी ते घर आठवडाभर डोळे लावून बसलेलं. ते त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. म्हणून त्यानं ठरवलं, पाण्याच्या दिवशी गोळी नाही. दुसऱ्या दिवशी घ्यायची.

हिशेब सरळ होता. त्यात एकच गोष्ट राहिली. एका गल्लीचा पाण्याचा दिवस आठवड्यानं येतो. पण फारूककडं गल्ल्या पुष्कळ होत्या. आज ही, उद्या ती, परवा मशिदीमागची. फारूकला पाण्याचा दिवस नाही असा दिवस शोधावा लागायचा. गोळ्यांची पाकिटं कपाटात जशीच्या तशी साठत गेली. साठवण्याच्या बाबतीत तोही लातूरचाच.

"गोली खाये क्या जी?" दिलशाद सकाळी विचारायची.

"खाया ना."

"झूट नक्को बोलो."

"काम से आ के खाता," तो म्हणायचा आणि चावी खांद्यावर टाकायचा. चावी द्यायची गोष्टही त्यानं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात काढली होती. नवीन माणूस मिळेपर्यंत धकवा, असं उत्तर मिळालं. ते ऐकून त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला जरा बरंच वाटलं, आणि त्याचंच मग वाईट वाटलं. चावी सोडावी तर आपण कोण? आणि धरावी तर हात वर होत नाहीत.

त्या गल्लीचा पुढचा पाण्याचा दिवस उजाडला तेव्हा ऊन सकाळपासूनच तापलं होतं. ठण्ण आवाज आला, पण नेहमीपेक्षा फार अंतरानं. दोन पावलं, मग ठण्ण, मग बराच वेळ काहीच नाही. व्यंकटराव कपबशी घेऊन उभेच होते. फारूकनं तो चहा घेतला. समोरच्यांचा घेतला. कुणीतरी म्हणालं, "चाचा, तब्येत सुधारली की! गाल भरले." गाल सुजले होते. फारूक हसला, कारण बोलायला दम नव्हता.

चढ त्यानं भिंतीला हात लावत पार केला. टोकाच्या खड्ड्याचं झाकण उचकटलं, चावी उतरवली, आटे फिरवले. एक फिरला, दुसरा फिरला. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांपुढं करडं दिसू लागलं, पिंकीच्या पडद्यासारखं. छातीत कुणीतरी ओलं गोणपाट कोंबल्यासारखा श्वास अडला. चावीचा दांडा तसाच धरून तो खाली बसला. राजवाड्यातला चोपदार दंड धरूनच डुलक्या घेतो, तसा.

"आगं बया!" कोंडाबाई ओरडल्या. त्यांनी त्याला ओढत पायरीवर आणलं आणि आडवं करायला लागल्या. "पड, पड जरा."

"आडवं नको... मावशी... नको..."

"बरं नको. च्या घे मंग, आयताच झालाय, तरतरी येईल." आणि खरोखरच त्यांनी कप त्याच्या तोंडाला लावला. फारूकनं सवयीनं घोट घेतला. गल्ली गोळा झाली. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. कोंडाबाईंनी मात्र फोन काढला आणि नातीचा फोटो दाबला. पडद्यावर पिंकी आली.

"आज्जे, त्यांना बसवून ठेव! पाठीला टेका दे, पाय खाली सोड. गाडी काढायला सांग कुणाला तरी, लगेच दवाखान्यात न्या. चाचा, आज किती पाणी प्यालात?"

फारूकनं कमरेची बाटली काढून दाखवली. जवळजवळ भरलेली. "बघ... शिस्तीत हाय..."

"मग दुसरं काय प्यालात?"

"कुठं काय... च्या..."

"किती?"

फारूक बाटलीचं झाकण फिरवू लागला. पण गल्ली गप्प बसते होय? यजमानपणाचा मुद्दा होता. "आमच्याकडं घेतला की!" समोरची बाई म्हणाली. "आमच्याकडं तर डबल घेतला," तिची शेजारीण म्हणाली, "मोठ्या कपातनं." "आमच्या हिनं शेव पण दिली," व्यंकटराव छाती काढून म्हणाले. खालून वरपर्यंत साक्षी सुरू झाल्या. प्रत्येक घर आपला कप अभिमानानं सांगत होतं, आणि फोनमधला चेहरा प्रत्येक कपागणिक उतरत होता. तो उतरलेला बघून हळूहळू साक्षीही मंदावल्या. शेवटची बाई तर "आमचा अर्धाच..." म्हणून मागं सरकली.

"चहा पाणीच असतंय," पिंकी म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, थकलेला होता. "दीड लिटर म्हणजे चहा धरून दीड लिटर. आणि शेव म्हणजे मीठ. गोळी?"

"घेतो... की..."

"आज?"

"आज पान्याचा दिस हाय बेटा... एवढ्या बायांत... कुठं जानार मी..."

कोंडाबाईंचा नळ तेवढा खोकला आणि त्यातून धार पडू लागली. तिच्याखाली कुणी घागर लावली नाही.

व्यंकटरावांची गाडी वर्षभर कापड पांघरून उभी असते. ती कापडाबाहेर निघालेली त्या दिवशी गल्लीनं पहिल्यांदा पाहिली.

लातूरच्याच एका दवाखान्यात फारूकला काही दिवस ठेवलं. शिरेतून औषध गेलं आणि अंगात साठलेलं पाणी निघू लागलं. थोडंथोडकं नव्हे, बादलीनं मोजावं इतकं. कोंडाबाई बघायला आल्या तेव्हा दिलशादनं हळू आवाजात त्यांना आकडा सांगितला. "येवढं?" त्या म्हणाल्या. "आन् आमी तिकडं टिपाडाला तरसून ऱ्हायलो!"

फारूक उशीला टेकून बसलेला. पहिल्यांदाच कुणी त्याला पाणी कधी सोडणार असं विचारत नव्हतं. नाडीवर बोट ठेवून तो ठोके ऐकत राहायचा. ठोका, मग लहानशी जागा, मग ठोका. त्या जागेत तो बिचारा पंप दम खात असेल. आपण त्याला माणुसकीच्या नावाखाली किती उपसायला लावलं, याचा विचार करून त्याला अपराधी वाटायचं आणि मग तो विचारसुद्धा दमवायचा. डोळे मिटायचे.

"मावशी," तो त्या दिवशी म्हणाला, "नाही कसं म्हनू लोकांला? तुमी सांगा. मीच पानी सोडनार, आन् मीच त्येंचा कप परत लावनार?"

कोंडाबाई पदराशी चाळा करत बसल्या. "आन् गोळीचं?"

फारूकनं भिंतीकडं तोंड केलं. "त्ये तर बोलूच नका. जीव गेला तरी परवडंल, पर लोकांच्या दारात..."

"जीव गेला तर तुला परवडंल रे. हिला परवडंल का, इचार." दिलशाद डब्याचं झाकण उगीचच उघडमीट करत होती. कोंडाबाई उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि निघताना म्हणाल्या, "बाईमानसासारका लाजतो मेला. बाया तरी इतक्या लाजत न्हाईत."

पुन्हा त्या गल्लीचा पाण्याचा दिवस आला. ठण्ण आवाज झाला आणि गल्ली चमकली, कारण चावी व्यंकटरावांच्या खांद्यावर होती. ऑफिसातला नवीन माणूस यायचा होता तो यायचाच होता. तोवर खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून फारूकनं सांगायचं आणि व्यंकटरावांनी आटे फिरवायचे, असं गल्लीनं आपल्यातच ठरवलं होतं. व्यंकटराव घामाघूम. "अजून?" "अजून एक." "अहो, निघंना!" "साहेब, जोर मोटारीत घालवलाव सगळा." गल्ली हसली. दोन्ही हात चावीला गुंतल्यामुळं त्या दिवशी व्यंकटरावांच्या घरी चटणी वाटली गेली नाही, आणि वरच्या घरांना कधी नव्हे इतक्या लवकर धार लागली.

फारूकनं सकाळी दिलशादसमोर गोळी घेतली होती. तिनं तोंड उघडायला लावून जिभेखाली बघितलं होतं. चढाच्या टोकापर्यंत तो हळूहळू आला आणि कोंडाबाईंच्या पायरीवर बसला. चार पावलं चालला तरी दम लागायचाच. पंप नवा झालेला नव्हता, होणारही नव्हता. हे आता रोजचं होतं: गोळी, बाटली, बसणं, उठणं.

कोंडाबाई कपबशी घेऊन बाहेर आल्या. फारूक कावराबावरा झाला. "मावशी, मला..."

"घे गुमान."

त्यानं हात पुढं केला. कप हलका लागला. आत बघितलं तर कोरडा ठणठणीत, धुऊन पुसलेला. खालच्या ओट्यांवरून सगळे बघत होते. फारूकनं कप तोंडाला लावला, एक घोट घेतल्यासारखा केला आणि बशीत ठेवला.

"साकर बरूबर हाय का?" कोंडाबाईंनी विचारलं.

"जराशी कमी हाय."

"पुडच्या बारीला जास्ती घालीन." त्यांनी कप आत नेला. खालच्या घरांतूनही मग एकेक रिकामा कप निघू लागला. व्यंकटरावांच्या बायकोनं तर रिकाम्या बशीत रिकामी वाटी ठेवून पाठवली. मान राहिला, मीठ गेलं.

थोड्या वेळानं फारूकची चुळबुळ सुरू झाली. तो उठला, बसला, चपलेचा पट्टा ठीक करायला लागला. कोंडाबाईंनी तोंड दुसरीकडं करून, जणू भिंतीला सांगावं तसं सांगितलं, "परसात डाव्या अंगाला. कडी आतून हाय."

फारूकनं एकदा गल्लीकडं पाहिलं. सगळी गल्ली एकाएकी आपापल्या टिपाडात डोकावून बघण्यात गुंग झाली होती. तो आत गेला.

परसात संडासाच्या दारापाशी एक बादली भरून ठेवलेली होती. वर ताट झाकलेलं, ताटावर तांब्या पालथा. लाईनीच्या शेवटच्या नळाची ती करंगळीएवढी धार. तिची पहिली बादली घरात न नेता इथं आणून ठेवलेली. फारूक तिच्याकडं बघत उभा राहिला. पिंकीचा तो चौकोन त्याला आठवला, चार खोल्यांचा, बाण घरी परत आणणारा. "परत येतंय म्हनं," तो स्वतःशीच पुटपुटला.

बाहेरून कोंडाबाईंचा आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "फारूक! पानी जपून सांड रे बाबा! फुडचा नंबर कवा लागंल त्ये तुला बी ठावं न्हाई!"

गल्ली खो खो हसली. आत फारूकही हसला, त्यानं त्याला दम लागला, आणि भिंतीला हात टेकून तो श्वास जागेवर यायची वाट बघत थांबला.